विद्यार्थीदशेतील संशोधन: प्रयोगवहीपासून शोधनिबंधापर्यंत

संशोधनाची ओढ असलेले बहुतेक विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो शोधनिबंध कोठे छापून येईल याचा, आणि तेथेच क्रम उलटा होतो. छापण्याजोगे काही हाती लागण्यापूर्वी एखाद्या चालू कामात शिरकाव व्हावा लागतो, तेथे काही महिने कंटाळवाणी वाटणारी कामे नेटाने करावी लागतात, आणि त्यांतूनच आपला असा एक लहानसा प्रश्न सापडतो.

शिरकावासाठी मार्गदर्शक हवा. ज्या प्राध्यापकांचे काम आवडते त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतील किमान दोन निबंध वाचावेत आणि मगच ईमेल लिहावा. ‘मला आपल्या विषयात अतिशय रस आहे’ हे वाक्य त्यांना नेहमीच वाचावे लागते. त्याऐवजी कोणता निबंध वाचला, त्यातील कोणत्या आलेखापाशी शंका आली, आठवड्याला किती तास देता येतील आणि पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा किंवा प्रयोगशाळेतील एखादे तंत्र कितपत येते, एवढे आठ-दहा ओळींत सांगावे. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी आणि मग दुसरे दार ठोठवावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणे मात्र टाळावे, कारण तो ओळखू येतो. शक्य असल्यास त्या प्रयोगशाळेतील पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी आधी बोलून घ्यावे. रोजचे शिकवणे बहुधा त्यांच्याकडूनच होते आणि तेथील वातावरण कसे आहे हेही तेच खरे सांगतात.

प्रयोगशाळा मिळाली नाही तरी सगळे अडत नाही. गाया उपग्रहाची ताऱ्यांविषयीची मोजमापे, जेनबँक या सार्वजनिक संग्रहातील जनुकीय क्रम असा प्रचंड डेटा सर्वांसाठी खुला आहे, आणि त्यावर नीट विचारलेला प्रश्न हे खरेखुरे संशोधनच असते. मार्गदर्शकाचा डोळा मात्र तेथेही लागतो.

वाचनाची पद्धतही शिकावी लागते. शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा नसतो. आधी सारांश, मग आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर, त्यानंतर निष्कर्ष, आणि निबंध कामाचा वाटला तरच कार्यपद्धतीचा भाग बारकाईने, हा क्रम सोयीचा पडतो. विषय नवा असेल तर आढावा घेणाऱ्या लेखापासून सुरुवात करावी. वाचलेले झोटेरोसारख्या साधनात पहिल्या दिवसापासून साठवावे, नाहीतर लिहिताना संदर्भ शोधण्यात आठवडे जातात.

पण या सगळ्यात मी सर्वांत जास्त महत्त्व देईन ते नोंदींना. १९६७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जोसेलिन बेल यांच्याकडे रेडिओ दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर लांबीचा आलेखाचा कागद बाहेर पडत असे आणि तो त्या डोळ्यांनी तपासत असत. त्यात जेमतेम इंचाच्या आत मावणारी वेड्यावाकड्या रेघांची एक विचित्र खूण त्यांना दिसली, आकाशाच्या त्याच भागातून तसेच काही आधीही आले होते हे आठवले, आणि जुने कागद जपून ठेवलेले असल्यामुळे ते पडताळता आले. पुढे कागद जलद फिरवून घेतलेल्या नोंदीत सुमारे १.३४ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद दिसले, आणि पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा, सापडला. म्हणून प्रयोगवहीत तारीख, उपकरणाची मांडणी, रसायनाचा बॅच क्रमांक आणि फसलेला प्रयत्नसुद्धा त्याच दिवशी लिहावा. मूळ डेटाच्या फाइलला हात लावू नये, प्रक्रिया नेहमी प्रतीवर करावी, आणि प्रोग्राम गिट या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवावेत.

हीच कथा श्रेयाविषयीही काही सांगते. १९६८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या निबंधावर पहिले नाव मार्गदर्शक अँटनी ह्यूविश यांचे आणि दुसरे बेल यांचे होते, १९७४ चे नोबेल ह्यूविश आणि मार्टिन राइल यांना मिळाले, आणि त्यावरचा वाद आजही ऐकू येतो. त्यामुळे लेखकांत आपले नाव असेल का आणि कितवे, हे काम सुरू होतानाच विचारावे. त्यात उद्धटपणा काहीच नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकपदासाठी चार अटी घालते: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. जीवशास्त्रात पहिले नाव सर्वाधिक काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते, तर गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात.

लिहिताना आधी आकृत्या पक्क्या कराव्यात, मग कार्यपद्धती आणि निष्कर्ष लिहावेत, प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सर्वांत शेवटी.

नियतकालिक निवडताना आपण स्वतः ज्यांतील निबंध वाचले त्यांपासून सुरुवात करावी. चार दिवसांत प्रकाशनाची हमी देणारे, आपली स्तुती करत ईमेल पाठवणारे आणि शुल्काची रक्कम नंतर सांगणारे नियतकालिक लुबाडणारे समजावे. खुल्या, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या, नियतकालिकांसाठी डीओएजे ही सूची पाहता येते. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे हा गैरव्यवहार मानला जातो. भौतिकशास्त्र व गणितात १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या खुल्या ऑनलाइन संग्रहावर मसुदा आधीच ठेवण्याची रीत आहे, मात्र सर्व सहलेखकांची संमती घेऊनच.

निबंध तपासण्यासाठी नियतकालिकाने नेमलेल्या परीक्षकांचे अभिप्राय बहुधा बोचतात. ते वाचून एक-दोन दिवस बाजूला ठेवावेत आणि मग प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदलले, कोणत्या पानावर बदलले, किंवा का बदलले नाही, हे शांतपणे लिहावे. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर बहुतेक वेळा आपले वाक्यच संदिग्ध असते, तेव्हा ते दुरुस्त करावे. नकार आला तरी त्या सूचना वापरूनच निबंध दुसरीकडे पाठवावा. स्वीकृतीनंतर येणारी मुद्रिते (छपाईपूर्वी तपासायच्या प्रती) मात्र घाईत परत पाठवू नयेत. आकृत्यांचे क्रमांक, एकके आणि आपल्या नावाचे स्पेलिंग तेथेच शेवटचे तपासता येते.