हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्र: देखभालीतील या चुका टाळा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील वखारींत किंवा वीटभट्ट्यांवर चालणाऱ्या हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्राचा जोर कमी झाला, की पहिला संशय पंपावर घेतला जातो. पंप उघडला जातो, सील बदलले जातात आणि तरीही बाभळीचा गाठाळ ओंडका जागचा हलत नाही. पंपाला हात लावण्यापूर्वी टाकीतील ऑइल पाहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर या तिघांचेही आयुष्य त्या ऑइलवरच अवलंबून असते.

आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान पावसाळ्यात होते. दिवसभर चालून तापलेली टाकी रात्री थंड होते, ऑइल आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून, म्हणजे टाकीला हवा येण्याजाण्यासाठी ठेवलेल्या तोंडातून, बाहेरची हवा आत ओढली जाते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात त्या हवेत किती ओल असते, हे सांगायला नको. त्यातच यंत्र उघड्यावर असले आणि ब्रीदरचे टोपण सैल असले, तर पाणी थेट टाकीत उतरते. ऑइल दुधाळ दिसू लागले, तर ते काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. काही वेळाने खालून वर नितळ होत गेले, तर तो बहुधा हवेचा फेस असतो आणि सक्शनच्या (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या) होजची क्लिप, जोड व ऑइलची पातळी तपासावी लागते. दुधाळपणा टिकून राहिला किंवा तळाशी पाणी साचले, तर सर्व ऑइल काढून, टाकी कोरडी पुसून आणि फिल्टर बदलूनच नवे ऑइल भरावे. जुन्या ऑइलमध्ये नवे मिसळून वेळ मारून नेल्यास पाणी आतच राहते आणि पंपाच्या गिअरवर गंज चढतो. ऑइलचा ग्रेड (दाटपणाचा क्रमांक) उत्पादकाने सांगितलेलाच ठेवावा. बहुधा तो ४६ किंवा ६८ असतो, आणि इंजिन ऑइल हा त्याला पर्याय नाही.

ऑइलची पातळी सिलिंडर पूर्ण आत घेऊनच पाहावी. रॉड बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली, तर रॉड आत येताना परतणारे ऑइल ब्रीदरमधून बाहेर सांडते.

दुसरी चूक अधिक धोक्याची आहे, ती म्हणजे ओंडका फुटत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब ठरलेल्या हद्दीत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू आवळणे. १०० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर २०० बार दाबाला सुमारे १६ टन जोर देतो, आणि त्याची चौकट, वेल्डिंग व होज त्याच हिशेबाने बनवलेले असतात. प्रेशर गेज न लावता दाब वाढवणे म्हणजे ही सर्व हद्द आंधळेपणाने ओलांडणे होय. गेजवर ठरलेला दाब दिसत असूनही लाकूड फुटत नसेल, तर दोष यंत्राचा नसून ओंडका मोठा, गाठाळ किंवा आडवा ठेवलेला असतो. दाबच चढत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा, झिजलेला पंप किंवा पिस्टनचे फाटलेले सील यांपैकी नेमके काय आहे, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे जाणकार सहज मिळतात.

व्हॉल्व्हमध्ये कचरा येतो तो पुष्कळदा आपल्याच हातून. जोड गळतो म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते आणि तिचे तुकडे सुटून ऑइलबरोबर फिरतात. वॉशरने बंद होणाऱ्या जोडात डाऊटी वॉशर (रबराची कडा असलेला धातूचा वॉशर) बदलणे हाच खरा उपाय आहे.

थ्री-फेज मोटरवर चालणारे यंत्र लाइनच्या दुरुस्तीनंतर अचानक ओंडका ढकलेनासे झाले, तर मोटर उलटी फिरत नाही ना, हे प्रथम पाहावे. फेज बदलला गेला असेल, तर गिअर पंप ऑइल देत नाही आणि तसाच चालवत ठेवल्यास त्याचे शाफ्ट सील जाते. यंत्र तत्काळ बंद करून इलेक्ट्रिशियनकडून दोन फेजची अदलाबदल करून घेतली, की काम भागते.

होजमधून बारीक गळती होत असल्यास ती बोटाने कधीही चाचपू नये. इतक्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून ऑइल आत सोडते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी तासाभराचाही विलंब न करता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. यंत्र चालू असताना लांबून पुठ्ठा धरून गळती शोधावी, आणि जोड सोडण्यापूर्वी यंत्र बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब उतरवावा.