नव्या गाडीचे तेल-पाणी: दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या या चुका टाळा

गाडीचे तेल-पाणी तपासणे म्हणजे ते ओतणे, असा समज आमच्या किनारपट्टीवरच्या नव्या गाडीमालकांमध्ये फार पक्का आहे. बॉनेट उघडले की हातात बाटली हवीच, आणि बाटली हातात आहे म्हणजे ती कुठेतरी रिकामी व्हायलाच हवी. वस्तुस्थिती अशी आहे की नव्या गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात फारसे काही ओतावे लागत नाही. काच धुण्याचे पाणी संपते, काही इंजिने थोडे ऑइल खातात, ब्रेक ऑइलची पातळी ब्रेकचे पॅड झिजतात तशी अगदी हळू उतरते. याखेरीज काही वेगाने कमी होत असेल तर ते कुठेतरी जात आहे, आणि ते कुठे जाते हे शोधण्याआधीच डबी पुन्हा भरून टाकणे म्हणजे मिळालेली खबर पुसून टाकणे होय. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी ही भरण्याची घाई आहे.

कूलंटच्या टाकीत विहिरीचे पाणी

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती निष्काळजी माणसे करत नाहीत, गाडीला जीव लावणारी माणसे करतात. जयगड खाडीच्या बाजूला राहणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुंबईतली नोकरी संपवून गावी आले आणि त्यांनी नवी पेट्रोल गाडी घेतली. दर रविवारी गाडी धुवायची, बॉनेट उघडायचे आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पारदर्शक टाकी ‘मॅक्स’च्या रेघेपर्यंत भरायची, हा त्यांचा नेम होता. भरायचे ते घरच्याच विहिरीचे पाणी, आणि ती विहीर अशी की एप्रिल उजाडला की तिचे पाणी मचूळ लागू लागते. दर आठवड्याला टाकी थोडी रिकामी का होते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. गाडी पाणी पिते, आपण पाजतो, एवढाच हिशेब त्यांनी ठेवला होता.

मे महिन्यात ते कोल्हापूरला निघाले. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागल्यावर तापमानाचा काटा वर गेला, लाल दिवा लागला आणि बॉनेटखालून वाफ आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, हे योग्यच केले, पण लगेच टॉवेल घेऊन टाकीच्या झाकणाला हात घातला. मागून आलेल्या एका ट्रकचालकाने ओरडून त्यांना थांबवले, म्हणून हात वाचला. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. मुख्यतः त्या दाबामुळे आतले मिश्रण १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी उकळत नाही, आणि झाकण उघडून दाब गेला की तेच मिश्रण एका क्षणात उकळून तोंडावर उडते. टॉवेलने त्यात काही फरक पडत नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने टाकीत डोकावून पहिला प्रश्न विचारला, “काका, हे पाणी कुठलं?” आतले पाणी चहासारखे तपकिरी झाले होते. मूळ दोष एवढाच होता की रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप नीट बसली नव्हती आणि तिथून थेंबथेंब गळत होते. पाइपच्या तोंडाशी वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर स्पष्ट दिसत होता. पहिल्याच महिन्यात पातळी उतरलेली दाखवली असती तर ती क्लिप वॉरंटीत फुकट बसली असती. आता संपूर्ण यंत्रणा धुऊन काढणे, नवे कूलंट आणि गंजून अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडझाप करणारा व्हॉल्व्ह), हे सगळे त्यांच्या खिशातून गेले. बाहेरचे पाणी घातल्यामुळे झालेली खराबी वॉरंटीत बसत नाही, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात इथिलीन ग्लायकॉल असते, गंजरोधक रसायने असतात आणि क्षारविरहित पाणी असते. विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, आणि खाडीकाठच्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला बारीक खड्डे पाडते. शिवाय दर वेळी नुसते पाणी घातल्याने गंजरोधक पातळ होत जाते आणि मिश्रण कमी तापमानाला उकळू लागते. ही दोन्ही संकटे बरोबर घाटातच समोर येतात, कारण तिथे इंजिनावर भार जास्त आणि वेग कमी असतो.

माझी स्वतःची सवय साधी आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवर जिथे पातळी दिसते तिथे बाहेरून मार्करने बारीक रेघ मारून ठेवतो. पुढच्या वेळी पातळी त्या रेघेवरच असेल तर बॉनेट बंद करतो. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये कुठेही असलेली पातळी ठीक असते, ती ‘मॅक्स’ला नेण्याची गरज नसते. ती सतत उतरत असेल तर काहीही न ओतता गाडी दाखवतो. भरावेच लागले तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेले तयार मिश्रणच घालावे. रंग पाहून कूलंट विकत घेऊ नये, कारण हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने देतात आणि एकाच रंगाच्या दोन बाटल्यांतली रसायने वेगळी असू शकतात. रस्त्यात अडचण आलीच तर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे, टाकी हाताला थंड लागल्यावरच झाकण सावकाश उघडावे आणि पिण्याच्या बाटलीतले पाणी जरुरीपुरते घालून जवळचे गॅरेज गाठावे. नंतर ते पाणी घातल्याचे तिथे सांगायला विसरू नये. पण लाल दिवा लागलेला असताना “आता घाट संपेलच” म्हणून गाडी पुढे रेटणाऱ्यांना इंजिनाचा सिलिंडर हेड काय किमतीला उतरतो हे मी सांगत बसत नाही.

उतारावर पाहिलेली डिपस्टिक

कोकणात सपाट अंगण असलेले घर म्हणजे नशीब. बहुतेकांची गाडी जांभ्याच्या पायऱ्यांशेजारी, नाक वर किंवा खाली करून उभी असते, आणि तिथेच डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर निघते. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑइल उताराच्या बाजूला सरकते, आणि पट्टी इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे त्यानुसार पातळी खरी असते त्याहून कमी किंवा जास्त दिसते. कमी दिसली की दुकानातून एक लिटरची बाटली येते आणि ती पूर्ण ओतली जाते, कारण उरलेले ऑइल ठेवायचे कुठे?

बहुतेक छोट्या गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेतले अंतर साधारण एक लिटर किंवा त्याहून कमीच असते. म्हणजे पातळी मध्यावर असताना पूर्ण बाटली ओतली तर ती वरच्या खुणेच्या बरीच पुढे जाते. मग इंजिनाचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ऑइलला घुसळतो, त्यात फेस होतो आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगना नीट पोहोचत नाही. जास्तीचे ऑइल जळून सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. थोडे कमी ऑइल चालते, मग थोडे जास्त का चालू नये, असे विचारणारे मला नेहमी भेटतात. खालच्या खुणेपर्यंत ऑइल कमी असणे हे इंजिन बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. वरच्या खुणेच्या पुढचे मात्र त्याने गृहीत धरलेले नसते.

मी गावातल्या देवळाच्या फरशीच्या पटांगणात गाडी उभी करतो, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबतो, पट्टी काढून जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसतो, पूर्ण आत घालतो आणि मगच दुसऱ्यांदा काढून वाचतो. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण नळीच्या भिंतींना लागलेले ऑइल तिला माखलेले असते. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर मापाने पाव लिटर घालून, पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहतो. घाईच्या माणसाला हा सगळा खटाटोप अति वाटतो. ज्याला दहा मिनिटे थांबायचे नाही, त्याने पट्टीला हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइलच्या ग्रेडच्या, म्हणजे त्याच्या जाड-पातळपणाच्या, बाबतीतही तेच. पुस्तकात ०डब्ल्यू-२० हा पातळ ग्रेड लिहिला असेल तर तेच घालावे. “आपल्याकडे उष्णता आहे, जरा जाडच चांगले,” हा सल्ला जुन्या जीपच्या जमान्यातला आहे. नव्या इंजिनातल्या फटी, ऑइल पंप आणि व्हॉल्व्हची यंत्रणा पातळ ऑइल धरूनच आखलेली असते. घातलेल्या ऑइलचे बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो मधूनमधून स्वतःच काजळी जाळून साफ होतो. गाडी फक्त बाजार ते घर एवढीच फिरत असेल तर हे काम अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल काही प्रमाणात चेंबरमध्ये उतरते. त्यामुळे काही न घालताही ऑइलची पातळी वाढत गेलेली दिसली, किंवा पट्टीला डिझेलचा वास आला, तर आनंद मानू नये, गाडी दाखवावी. डिझेल गाडीचे इंजिन ऑइल काही दिवसांतच काळे होते. त्यात मात्र घाबरण्यासारखे काही नाही.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइलची डबी हळूहळू उतरते, कारण पॅड झिजले की पॅड दाबणाऱ्या पकडीचे, म्हणजे कॅलिपरचे, पिस्टन पुढे येतात आणि मागची जागा ऑइल भरून काढते. नवे पॅड बसवताना ते पिस्टन मागे ढकलले जातात आणि ऑइल डबीत परत येते. मधल्या काळात कोणी डबी काठोकाठ भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडते, आणि ब्रेक ऑइल गाडीच्या रंगाला खाते. पातळी ‘मिन’कडे आली तर आधी पॅड तपासायला सांगावे. एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती आहे, आणि अशी गाडी चालवत न्यायची नसते.

दुसरी गोष्ट हवेची. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि पावसाळ्यातले आमचे चार महिने हवा ओलीचिंब असते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवणाऱ्याच्या गाडीत ही मर्यादा गाठली गेली तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. म्हणून पातळी ठीक असली तरी पुस्तकातली मुदत पाळून, साधारण दोन वर्षांनी, ते बदलून घ्यावे. डबीचे झाकण कुतूहलापोटी उघडू नये, पातळी बाहेरून दिसते. मागच्या पावसाळ्यात उघडून ठेवलेली अर्धी बाटली कितीही महाग असली तरी वापरू नये. आणि त्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने आतली रबरी सिले फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते.

बाकीच्या चुका

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे पॉवर स्टीअरिंग विजेवर चालते. वडिलांनी सांगितले म्हणून त्याच्या ऑइलची डबी शोधत बसू नये, आणि सापडली असे वाटून भलत्याच डबीत काही ओतू नये. झाकणावरचे चित्र आधी पाहावे.

काच धुण्याच्या टाकीत भांड्यांचा साबण घालू नये. महामार्गावरचा लाल चिखल काचेवर असताना पाणी संपलेले वायपर फिरवणे म्हणजे काचेवर कायमच्या रेघा ओढणे आहे.

ज्या डिझेल गाडीला ॲडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठीचे युरियाचे द्रावण) लागते तिच्यात ते भरण्याचे तोंड वेगळे आणि झाकण निळे असते. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर चावीला हातही न लावता गाडी ओढून न्यावी. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे कॅन साठवू नयेत, ते लवकर खराब होते.

विजेवरची गाडी घेतलेले काही जण “आम्हाला ही कटकट नाही” असे सांगतात. इंजिन ऑइल नाही, हे खरे. परंतु ब्रेक ऑइल तिथेही तितकाच ओलावा शोषते, आणि बहुतेक नव्या विजेच्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारे कूलंट असते. त्याची जात पुस्तकात दिलेली असते आणि काही गाड्यांत ते वीज कमी वाहून नेणारे खास प्रकारचे असते. त्याची पातळी उतरलेली दिसली तर टाकीचा फोटो काढून तारखेसह सर्व्हिस सेंटरला पाठवावा आणि झाकण तसेच बंद ठेवावे.