मिस्टर फील्डवर आणि सिलेंडरचा ओटीपी त्यांच्या फोनवर : फौजी घर चालवायचं कसं

माझ्या मिस्टरांना फौजेत अकरा वर्षं झाली, लग्नाला आठ, आणि त्यातली जेमतेम अडीच वर्षं आम्ही सोबत राहिलोय. बाकी वेळ हे बहुतेक फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर, आणि सगळा संसार नाशिकरोडला, मी, दोन पोरं आणि सासूबाई. ओळखीतल्या नवीन लग्न झालेल्या पोरी विचारतात ताई कसं जमवता, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येक गोष्टीला कुणाचा मोबाईल नंबर लावलाय ते बघा. चार-पाच वर्षांपूर्वी सिलेंडरवाला जिना चढून आला, सिलेंडर दारात टेकवून म्हणाला ताई ओटीपी सांगा. ओटीपी गेला ह्यांच्या नंबरवर आणि हे कुठेतरी वर, जिथे आठवड्यातून एकदा रेंज. तो बिचारा तसाच परत खाली उतरला आणि मी चार दिवस शेजारच्या काकूंच्या इंडक्शनवर कुकर लावला. गॅस, लाईटबिल, शाळेचं ॲप, सगळीकडे तुमचा नंबर टाका. पगाराचं खातं जॉइंट करता आलं तर उत्तम, नाहीतर घरखर्चाची ठरलेली रक्कम दर महिन्याला आपोआप तुमच्या खात्यात येईल असं बँकेत करून घ्या, कारण पैसे मागायला फोन लावायचा आणि फोन लागत नाही यापेक्षा वाईट काही नाही.

आता कागद. लग्न झालं, मूल झालं की ते युनिटमधून पार्ट टू ऑर्डरवर (जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डमधली अधिकृत नोंद) चढवून घ्यावं लागतं, ते झाल्याशिवाय रेकॉर्ड ऑफिसला तुम्ही नसताच, डिपेंडंट कार्ड म्हणजे कुटुंबाचं ओळखपत्र नाही आणि पुढे सगळंच अडतं. मिस्टर म्हणतात करतो करतो, तुम्ही मागे लागा. आणि नावाचं स्पेलिंग! आधारवर एक, मॅरेज सर्टिफिकेटवर दुसरं, माझं माहेरचं नाव तिसरीकडे, हे निस्तरायला मला दीड वर्ष लागलं. आपल्याकडे नाशिकरोड कॅम्पात आर्टिलरी रेकॉर्ड्स, म्हणजे तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे म्हणून बऱ्याच जणींना वाटतं सगळ्यांचं काम तिथेच होतं, तसं नाहीये, मिस्टर मराठा लाईट इन्फन्ट्रीत असतील तर रेकॉर्ड बेळगावला. आजारपणाला मात्र युनिट कुठलंही असो, कार्ड असेल तर देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं नाव ऐकून तिकडे चकरा मारू नका, ते रिटायर झाल्यावरचं.

पोरांच्या शाळेचा भत्ता मिळतो, २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. वर्ष संपलं की शाळेकडून सर्टिफिकेट घेऊन लगेच ह्यांच्याकडे पाठवा.

गावी जमीन असेल तर सुट्टीत आल्यावर कुलमुखत्यारपत्र करून घ्या, सहीसाठी कामं अडतात. आणि बांधावरून, वाटणीवरून कुणी कोर्टात गेलंच तर घाबरू नका, फील्डवरच्या जवानाच्या माघारी दावा पुढे रेटला जाऊ नये म्हणून १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, लाजू नका.

एवढं सगळं जमतं हो. खरं अवघड जातं ते सुट्टीवर येतात तेव्हा. कुणी सांगत नाही हे! जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी, ऐकायला तीन महिने, पण मिळते तुकड्या-तुकड्यात आणि तीही युनिटला सोडता आलं तर. सासरी निफाडकडे द्राक्षबाग, दरवर्षी ठरतं की ऑक्टोबरच्या छाटणीला यायचं, आठ वर्षांत दोनदा जमलं. मनमाडला झेलम एक्सप्रेसमधून उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला घरातले सगळे लाईट चालू! दूधवाला का बदलला, पोरगा अजून झोपलाय कसा, हे डबे इथे का ठेवलेत. एकदा ह्यांनी धाकट्याला बिस्किट दिलं तर तो ते हातात धरून किचनमध्ये माझ्याकडे आला, मम्मी पप्पांनी दिलंय, खाऊ का? ह्यांचा चेहरा बघवेना, आणि मला कळेना पोरावर चिडू का स्वतःवर.

तेव्हापासून मी काय करते, पहिले दोन दिवस पाहुणे नाही, हिशोब नाही, तक्रारी नाही. तिसऱ्या दिवसापासून एक काम पूर्ण त्यांचं, आमच्याकडे शाळेत सोडणं-आणणं. डबा राहिला, उशीर झाला तरी मी मध्ये पडत नाही (तोंड दाबून बसते!). घराची बाकीची घडी आहे तशीच राहू द्यायची आणि हे त्यांना आधीच फोनवर सांगायचं, आल्यावर सांगितलं की भांडण. आणि वर्षभर 'पप्पा येऊ दे, मग बघ' ही धमकी पोरांना अजिबात देऊ नका, मग पप्पा आले की ती सासूबाईंच्या पदरामागे लपतात.

बातम्यांचं एक सांगते. मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ह्यांचा फोन बंद आणि टीव्हीवर नुसता आरडाओरडा, सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी मी सेट टॉप बॉक्सची वायरच काढून ठेवली. फोन बंद म्हणजे काही झालंय असं नसतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं तर वाचूच नका. तसंच ह्यांचं युनिट, जागा, कधी निघाले हे स्टेटसला टाकायचं नाही, कितीही मिरवावंसं वाटलं तरी.

परत जायच्या आदल्या रात्री सगळ्या कागदांचे फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या आणि ओरिजिनल एका फाईलमध्ये, एकाच जागी. आमची फाईल फ्रीजवर असते, कारण दुसरीकडे कुठेही ठेवली की सासूबाई ती आवरून ठेवतात आणि मग ती कुणालाच सापडत नाही.