मिनिएचरवर वार्निश मारताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. मन लावून रंगवलेली मिनिएचर, म्हणजे खेळातली किंवा संग्रहातली बोटभर उंचीची मूर्ती, आणि तिच्यावर पिठूळ पांढरा थर. खाली प्रश्नही ठरलेला: "दादा, काल रात्री मॅट वार्निश मारलं, सकाळी उठून बघतो तर हे असं. कॅन खराब निघाला का?" मॅट म्हणजे चमक न ठेवणारं वार्निश, आणि त्याचा स्प्रेचा कॅन बहुतेक वेळा चांगलाच असतो. हवा वाईट असते, आणि ती वाईट आहे हे कळत असूनही नोझल दाबलेलं असतं, कारण काम आजच संपवायचं असतं. २८ मिलिमीटरच्या शिलेदाराच्या डोळ्यासाठी अर्धी रात्र जागणारा माणूस कोरड्या हवेसाठी चार दिवस थांबत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. आधीच्या सगळ्या मेहनतीवर एकदम चढतो असा हा एकच हात आहे.

दमट हवेत स्प्रे मारणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून हिच्याबद्दल आधी आणि सविस्तर.

कॅनमधून आलेलं द्रावक झपाट्याने उडून जाताना उष्णता ओढून घेतं आणि मिनिएचरचा पृष्ठभाग थंड पडतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे मुंबईतली जुलैची साधी संध्याकाळ, तर हवेतल्या वाफेचं साधारण २७ अंशांलाच पाणी व्हायला लागतं. पृष्ठभाग जेमतेम तीन अंश थंड झाला की ओल्या वार्निशवर दव पडतं. ते पाणी थरात अडकतं आणि थर दुधाळ होतो. त्याच ३० अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल, तर दव पडायला पृष्ठभाग १८ अंशांपर्यंत उतरावा लागतो. एवढा तो सहसा उतरत नाही.

दादरचा एक कॉलेजात जाणारा मुलगा पानिपत रंगवत होता. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, त्यात इब्राहिमखान गारद्याचं बंदूकधारी पायदळ आणि मागे मराठा घोडदळ. रंगकाम खरोखर उत्तम होतं. घोड्यांच्या काळ्या रंगात त्याने निळी झाक इतकी हळुवार चढवली होती की मी ते फोटो जपून ठेवलेत. आषाढातल्या एका संध्याकाळी पाऊस थोडा थांबला आणि त्याने सगळी फौज गॅलरीत एका फळीवर मांडून मॅट स्प्रे मारला. सगळी, एकाच वेळी. सकाळी काळे घोडे राखाडी झाले होते आणि लाल पागोट्यांवर बुरशी चढल्यासारखं दिसत होतं.

इथपर्यंत फारसं बिघडलं नव्हतं. पुढे घाबरून जे केलं त्याने बिघडलं. आधी त्याने त्यावर त्याच मॅटचा दुसरा हात मारला, "पहिला नीट बसला नसेल" म्हणून. मग कुठेतरी वाचून निम्म्या घोड्यांना ऑलिव्ह ऑइल चोळलं. तेल लावलं की पांढरेपणा लगेच नाहीसा होतो हे खरं आहे, म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. पण तेल पृष्ठभागावरच राहतं, धूळ धरतं आणि त्यावर पुढचा कुठलाही हात धड चिकटत नाही. मी हा उपाय कुणालाही सुचवत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण मी अजूनही हेच करतो. एका घोड्याच्या पाठीवर ओला ब्रश फिरवला. पाणी असेपर्यंत रंग परत काळाभोर दिसला, वाळल्यावर पुन्हा पांढरा. ही चाचणी फार मोलाची आहे. ओलं केल्यावर पांढरेपणा जात असेल, तर वार्निशचा पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश विखुरतोय एवढंच झालेलं असतं. त्या बारीक खाचा भरल्या की रंग परत येतो. तेल लावलेले घोडे भांड्यांच्या सौम्य साबणाने मऊ ब्रशने धुतले आणि दोन दिवस वाळू दिले. मग सगळ्यांना पाण्यातल्या ॲक्रिलिक ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निशचा पातळ हात ब्रशने दिला. बहुतेक फौज त्याच दुपारी वाचली. खोगिरांच्या खाली दोन-तीन ठिकाणी पाणी आतच अडकलं होतं, तिथे पुन्हा रंगवावं लागलं. मॅटचा शेवटचा हात त्याने दिवाळीच्या सुमारास, कोरड्या हवेत मारला. तोपर्यंत त्याची फौज चकचकीत राहिली आणि त्याला ते आवडत नव्हतं. मी त्याला तेवढं सहन करायला सांगितलं.

माझा नियम साधा आहे. टेबलाशेजारी आर्द्रतामापक आहे, त्यावर ६० च्या वर आकडा असेल तर कॅन कपाटातच राहतो. हिवाळ्यातसुद्धा मी दुपारीच स्प्रे मारतो, कारण दिवस तापतो तशी सापेक्ष आर्द्रता उतरते आणि पहाटे ती सगळ्यात जास्त असते. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना हा हिशोब वर्षातले बरेच महिने करावा लागतो. जून ते सप्टेंबर मी पाण्यातलं वार्निश ब्रशने किंवा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) लावतो. तेही दमट हवेत सावकाश वाळतं, पण पांढरं पडण्याचा धोका कितीतरी कमी.

एक गोष्ट हुशार मंडळीही विसरतात. एसीच्या खोलीत मिनिएचर "कोरड्या" करायच्या आणि तशाच गॅलरीत नेऊन स्प्रे मारायचा, हे उलटं काम आहे. थंड मिनिएचर दमट हवेत आली की तिच्यावर लगेच ओल धरते. धातूची असेल तर आणखी, कारण धातू थंडावा धरून ठेवतो. बाहेर नेल्यावर अर्धा तास नुसती ठेवा, मग बघा.

एअरब्रशवाल्यांनी पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढावं. टाकीखालचा स्क्रू सैल केला की किती निघतं ते बघा, पटेल. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच. हवेचा दाब मी १५ ते २० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर नेत नाही.

विदर्भात मे महिन्यात अडचण अगदी उलटी असते. थेंब मिनिएचरवर पोचायच्या आधी हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. तिथे सकाळी लवकर मारा आणि अंतर थोडं कमी ठेवा. एरवी २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठीक असतं.

चिकट राहिलेल्या थरावर आणखी थर

दुसरी तक्रार चिकटपणाची. पुण्याच्या एका ताईंनी नवऱ्याच्या वाढदिवसासाठी बोर्डगेममधले सगळे राक्षस आणि योद्धे रंगवले. हार्डवेअरच्या दुकानातून क्लिअर स्प्रे आणला आणि मारला. दोन दिवसांनी बोट लावलं तर चिकट, आठवड्याने चिकट. दुकानदार म्हणाला अजून एक हात मारा, म्हणून मारला. महिन्याभराने डब्यातला फोम राक्षसांच्या पाठीला चिकटून निघाला.

बोर्डगेममधल्या अशा बऱ्याच फिगर मऊ पीव्हीसीच्या असतात. तलवार वाकवली की वाकते आणि परत सरळ होते, तेच हे प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. काही स्प्रेंमधल्या द्रावकाशी त्याचा संबंध आला की तो वरच्या थरात झिरपतो आणि थर कधीच कडक होत नाही. हे वाळणं लांबलेलं नसतं, त्यामुळे इथे वाट बघून उपयोग नाही. वरून त्याच स्प्रेचा आणखी हात मारणं म्हणजे चिकटपणाला आणखी खाद्य देणं.

यावर हमखास उपाय नाही. चिकटपणा थोडा असेल तर पाण्यातल्या ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात ब्रशने देऊन बघा, मध्ये एक दिवस सोडून. कित्येकदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर रंग उतरवून पुन्हा सुरुवात. टाल्कम पावडर लावून चिकटपणा झाकणारे लोक मी पाहिलेत. ती पावडर प्रत्येक घडीत बसते आणि कायमची दिसत राहते. ताईंनी निम्म्या फिगर वाचवल्या आणि निम्म्या परत रंगवल्या, दुसऱ्या वेळी अधिक छान. मऊ प्लास्टिकवर प्रायमरपासून (रंगाआधीच्या पहिल्या थरापासून) वार्निशपर्यंत सगळं पाण्यातलं वापरा आणि नवा स्प्रे आधी त्याच डब्यातल्या एखाद्या फालतू प्याद्याच्या तळावर मारून चार दिवस ठेवा.

कडक प्लास्टिक, रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेली राळ) किंवा धातूवर चिकटपणा आला तर कारण बहुधा घाई हेच असतं: जाड हात, किंवा पहिला वाळायच्या आत दुसरा. तिथे मात्र वाट बघण्याचा उपयोग होतो. हवा खेळती असलेल्या जागी, धूळ बसू नये म्हणून उपडं खोकं खाली फट राहील असं टेकवून, आठवडाभर हात न लावता ठेवा. हात न लावता हे मुद्दाम लिहितोय, कारण "वाळलं का" बघणाऱ्यांच्या बोटांचे ठसे मी असंख्य योद्ध्यांच्या छातीवर पाहिलेत. बघायचंच असेल तर तळाच्या कडेवर बघा.

आणि हेअर ड्रायर बाजूला ठेवा. गरम झोताने वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा ओलावा अडकतो आणि नंतर तिथे सुरकुत्या किंवा फोड येतात. कडक उन्हात ठेवूनही तेच होतं, शिवाय पातळ भाले वाकतात.

ऑइल वॉशवर लगेच वार्निश

ऑइल वॉश म्हणजे घड्यांमध्ये सावली दिसावी म्हणून दिलेला पातळ ऑइल रंग. ऑइल रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. पातळ वॉश असला तरी मी आठवडा सोडतो, पावसाळ्यात दोन. वरून कोरडं दिसतं म्हणून लॅकर, म्हणजे तीव्र द्रावकातल्या वार्निशचा, स्प्रे मारला तर त्याचं द्रावक खालचा कच्चा थर फुगवतं आणि सगळीकडे तडे जातात. ते तडे वार्निशने भरत नाहीत, तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवावाच लागतो.

बाकीच्या चुका थोडक्यात

मॅट वार्निशमध्ये सिलिकाची बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. कॅन पूर्ण दोन मिनिटं हलवा. न हलवता मारलं तर आधी चकचकीत येतं आणि शेवटी शेवटी पांढरं.

ब्रशने लावायची बाटली मात्र जोरात हलवू नका, बुडबुडे येतात. हळूहळू ढवळा.

घड्यांमध्ये वार्निश साचू देऊ नका. साचलेलं मॅट वाळल्यावर पांढरं दिसतं. ओलं असतानाच, जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या.

स्प्रे मिनिएचरच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. दाबताना आणि सोडताना नोझल थुंकतं.

चिलखत, तलवारी, दागिने यांची चमक मॅट वार्निश मारून टाकतं. शेवटी त्यांच्यावर बारीक ब्रशने ग्लॉस परत लावा. मी डोळ्यांनाही एक टिंब देतो.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) लावण्याआधी ग्लॉसचा हात द्या, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी कडा दिसते.

नेलपॉलिश, सुताराचं स्पिरिट पॉलिश आणि दारांचं वार्निश मिनिएचरवर नको. पहिल्या दोघांतली द्रावकं ॲक्रिलिक रंग विरघळवतात, तिसरं कालांतराने पिवळं पडतं. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी महिन्याभराच्या कामाशी असा खेळ करणाऱ्यांशी वाद घालून मी दमलोय.

स्प्रे स्वयंपाकघरात किंवा गॅसजवळ कधीही नाही. कॅनमधला वायू पेट घेतो. कापडी मास्कने वाफ अडत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

फौज कितीही मोठी असो, आधी एकच मिनिएचर, आणि तीही मागच्या रांगेतली. दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, मग बाकीच्या.

रंग कधी उतरवायचा

ओल्या ब्रशच्या चाचणीत पांढरेपणा गेला नाही, तर ग्लॉसने तो जाणार नाही. लॅकर असेल तर त्याच कंपनीच्या थिनरचा अगदी हलका फवारा एअरब्रशने मारून थर पुन्हा मऊ करता येतो आणि अडकलेलं पाणी निघून जाऊ शकतं. पण खाली ॲक्रिलिक रंग आहे, फवारा थोडा जास्त झाला की तोही हलतो. मी हे फक्त कोरड्या दिवशी आणि फक्त दुसरा पर्याय नसताना करतो. तेही जमलं नाही तर धातूची मिनिएचर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून टूथब्रशने साफ करा. प्लास्टिक आणि रेझिनच्या बाबतीत आधी तळाचा कोपरा किंवा साच्याचा उरलेला तुकडा बुडवून बघा. काही रेझिन अल्कोहोलमध्ये मऊ पडतात आणि मग चेहऱ्यावरची नक्षी परत येत नाही.