पुराचं पाणी यायच्या आधी टाकी भरा

कोयनेतून विसर्ग वाढला आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 35 फुटांकडे निघालं की आवराआवर सुरू करा. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पण 45 ची वाट बघायची नाही, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट भागात पाणी त्याच्या बरंच आधी शिरतं.

सगळ्यात आधी, लाईट आहे तोवर, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरा आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. कागदपत्रांच्याही आधी हे. पूर ओसरतो तेव्हा गाळ ओला असतानाच, उतरत्या पाण्याबरोबर खराट्यानं बाहेर लोटायचा असतो. वाळला की फावड्यानं खरवडावा लागतो. आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी नसतं, कारण जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, बुडालेलं असतं. नुसती टाकी भरून भागत नाही, व्हॉल्व्ह बंद हवाच. खाली कपाट तरंगत येऊन नळावर आदळलं, नळ तुटला, तर भरलेली टाकी पुरातच रिकामी होते. बॅरेल, घागरी, कळश्याही वर नेऊन भरा आणि झाका. टाकी भरली की मोटरीचे बोल्ट खोलून ती वर न्या.

सामान किती उंच ठेवायचं? मागच्या पुराची भिंतीवरची खूण बघून ठरवू नका. 2005 च्या खुणेवर भरवसा ठेवलेल्यांचं सामान 2019 ला बुडालं, तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. माळा पुरेसा नाही, वरचा मजला किंवा पाहुण्यांचं घर. इन्व्हर्टरची बॅटरी, धान्य, गाद्या आधी. लाकडी दिवाणाचे खण काढून घ्या, फुगले की निघत नाहीत. सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो; रेग्युलेटर काढून वर न्या, जमत नसेल तर साखळीनं बांधा.

कागदपत्रं दोन प्लॅस्टिक पिशव्यांत. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट.

जनावरं रस्ता उघडा आहे तोवरच हलवा, वैरणीसकट. अगदीच राहिली तर दावी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर मरतं. म्हातारी माणसं, लेकरं चालत किंवा गाडीनं जाता येतं तेव्हाच निघू द्या. "बघू, होडी येईल" म्हणून थांबू नका. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली.

निघताना मेन स्विच बंद, आणि गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह परत एकदा हातानं फिरवून बघा. खरंच बघा.

परतल्यावर आधी काठी आपटत आत जा, कोपऱ्यात साप असतात. पंचनाम्यासाठी फोटो काढा, मगच गाळ काढा. पाणी उकळून प्या. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. फ्रिजही पूर्ण वाळेपर्यंत बंदच.