मांडूला दोघंच जाताय? आधी या चुका टाळा

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही मध्य प्रदेशातल्या मांडूला गेलो आणि जे जे चुकवता येईल ते सगळं चुकवलं. मुक्काम इंदूरला, सकाळी भाड्याची गाडी, अकराला मांडू, दुपारी चारला परत. ड्रायव्हर म्हणाला होता, ‘तीन घंटे बहुत हैं, साहब,’ आणि मीही मान डोलावली. त्या तीन तासांत आम्ही पाच इमारती आणि कित्येक लोकांच्या पाठी पाहिल्या. एकमेकांशी बोललो ते ‘चल, उशीर होतोय’ एवढंच. पुढे अजून दोनदा गेलो, तेव्हा कुठे मांडू थोडं कळलं.

इंदूरहून एका दिवसात उरकणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या अर्ध्याअधिक चुका तिच्याच पोटातून निघतात. माळव्याच्या सुलतानांनी या शहराला शादियाबाद म्हणजे आनंदाचं शहर असं नाव दिलं होतं. चाळीसेक किलोमीटरची तटबंदी, आत तलाव, महाल, मशिदी. आज त्या तटबंदीच्या आत एक लहानसं गाव उरलंय, आणि इमारती शेतांमधून विखुरल्यात. जामी मशिदीच्या चौकातून जहाज महाल जवळ आहे, पण रूपमती मंडप दुसऱ्या टोकाला, पाच-सहा किलोमीटरवर. दुपारी इंदूरच्या गाड्यांची रीघ लागते आणि सायंकाळी ती ओसरते. मग गावात बेडकांचा आवाज, ओल्या मातीचा वास आणि मुक्कामाला राहिलेली मोजकी माणसं. दोघांना जे हवं असतं ते त्या वेळात आणि सकाळी सात-आठच्या सुमाराला मिळतं. म्हणून मुक्काम मांडूतच करा, जमलं तर दोन रात्री. पावसाळ्यातला शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टची सुट्टी टाळा. त्या दिवसांत घाटात गाड्या अडकतात आणि खोल्यांचे भाव विचारायलाच नकोत.

गावात सायकली भाड्याने मिळतात. पाऊस नसेल तर त्याच घ्या. गाडीतून फिरलं की तुम्ही एका इमारतीवरून दुसरीवर उड्या मारत जाता. सायकलवरून मधली शेतं, म्हशींचे कळप आणि नाव नसलेले घुमट लागतात. मला तर ते नाव नसलेले घुमटच जास्त आवडतात.

नाशिक-धुळ्याहून जाऊनही इंदूर गाठणं

ही खास आपल्याकडची चूक. मुंबई-आग्रा महामार्गाने सेंधवा मागे टाकलं, खलघाटला नर्मदा ओलांडली, की पुढे धामनोद येतं. तिथून मांडूकडे वळता येतं. माझी बायको पहिल्या खेपेला हेच सांगत होती. मी म्हटलं, ‘सगळे इंदूरहूनच जातात.’ आम्ही इंदूर गाठलं, दुसऱ्या दिवशी तेवढेच मागे आलो आणि शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडला. या वळशाचा उल्लेख आमच्या घरात अजून होतो.

नर्मदा दिसेलच असं धरून चालणं

रूपमती मंडप कड्याच्या टोकाशी उभा आहे. खाली जवळपास ३६५ मीटरवर निमाडचं मैदान, आणि पलीकडे नर्मदा. राणी रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, अशी कथा आहे. ती ऐकून लोक येतात आणि समोर पांढरा ढग बघून हिरमुसतात. पावसाळ्यात ढग कड्याला चिकटून बसतो आणि नदी काय, शेजारचं झाडही कधी कधी दिसत नाही. नदी बघायचीच असेल तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, स्वच्छ सकाळी जा. तेव्हाही दिसते ती लांबवर चकाकणारी एक बारीक रेघ, पात्र नव्हे.

उलट हिरवळ, भरलेले तलाव आणि महालांमधून फिरणारं धुकं हवं असेल तर जुलै ते सप्टेंबर. दोन्ही एकाच सहलीत मागू नका. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊच नका, तलाव आटलेले असतात आणि दगड तापलेले.

आणि ढग आलाच तर? मंडपात थांबून राहा. एका खेपेला आम्ही तासभर थांबलो. बाकीचे कंटाळून उतरले आणि मग पाचच मिनिटं पडदा सरकला.

‘मी तुझा बाजबहादूर’ म्हणणं

हे मंडपावर हमखास कानावर पडतं. नवरे मंडळींनी थोडी माहिती काढून मगच बोलावं. बाजबहादूर हा माळव्याचा शेवटचा स्वतंत्र सुलतान, संगीताचा खरा जाणकार आणि रूपमतीचा प्रियकर. १५६१ मध्ये अकबराचं सैन्य अधमखान या सरदाराबरोबर चालून आलं, सारंगपूरजवळ लढाई झाली, बाजबहादूर हरला आणि पळून गेला. रूपमती मागे राहिली. अधमखानाच्या हाती लागण्याऐवजी तिने विष घेतलं, असं सांगतात. बाजबहादूर पुढे काही वर्षं भटकून शेवटी अकबराच्याच चाकरीत गेला. गाइड गोष्ट सांगताना हा शेवटचा भाग झटकन उरकतात. माझ्या बायकोने तो नीट विचारून घेतला, आणि मग माझ्याकडे जे बघितलं!

अजून एक गोष्ट. मंडप रूपमतीसाठी बांधला म्हणतात, पण ती मूळची टेहळणीची चौकी. वरच्या छत्र्या नंतर चढल्या. खाली रेवाकुंड या तळ्याजवळच्या ‘बाजबहादूर महाला’वरच्या फारसी शिलालेखात तो सुलतान नासिरुद्दीनच्या काळात, १५०८-०९च्या सुमारास बांधल्याचं लिहिलंय, म्हणजे बाजबहादूरच्या कितीतरी आधी. यामुळे प्रेमकथा खोटी ठरत नाही. फक्त दगड तिच्यासाठी रचले गेले नव्हते, ती नंतर येऊन त्यांत राहिली.

खरं तर मांडूतली माझी आवडती जोडी वेगळीच आहे. १६१७ मध्ये जहांगीर आणि नूरजहान इथे मुक्कामाला होते. तलावाकाठच्या महालांवर आणि पाण्याकाठी दिवे लावले तेव्हा सगळा तलाव पेटल्यासारखा दिसला, असं जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारले, हेही त्यानेच लिहिलंय, मोठ्या कौतुकाने. बायकोचं कौतुक लेखी करणारा नवरा! म्हणायचंच असेल तर ‘मी तुझा जहांगीर’ म्हणा. अर्थात त्याच्याही बाकीच्या सवयी फार काढू नका.

जहाज महालावरून धावत जाणं

दोन तलावांच्या मधे उभी असलेली, सुमारे १२० मीटर लांब आणि जेमतेम १५ मीटर रुंद इमारत. तलाव भरले की खरंच नांगरलेल्या जहाजासारखी दिसते. लोक समोर फोटो काढतात, गच्चीवर जाऊन पुन्हा फोटो काढतात आणि निघतात. गच्चीवर पाणी खेळवायच्या नागमोडी पन्हळी आहेत, पावसाच्या सरीत त्या बघा. तिथून हिंडोळा महालात जा, त्याच्या उतरत्या भिंतींमुळे तो झुलतोय असा भास होतो. मग चंपा बावडी, तिची तळघरं आणि शेजारचा हमामखाना म्हणजे न्हाणीघर, ज्याच्या छतातल्या चांदण्यांच्या आकाराच्या झरोक्यांतून उजेड उतरतो. एवढ्यासाठी सकाळचे निदान तीन तास ठेवा. बाकी काही राहिलं तरी चालेल.

जहाज महालाचा परिसर, माळव्याचा सुलतान होशंगशाह याची कबर व जामी मशीद, आणि रूपमती मंडप, यांची तिकिटं वेगवेगळी असतात. एकच काढून दुसऱ्या दारावर वाद घालणारी जोडपी मी पाहिली आहेत. होशंगशाहची संगमरवरी कबर लहान म्हणून वगळू नका. शाहजहानचे वास्तुकार १६५९ मध्ये ती बघायला आले होते, तसा लेख दारावर आहे.

जेवणाची वेळ चुकवणं

दाल-बाफले म्हणजे तुपात बुडवलेले गव्हाचे गोळे. ते खाऊन मंडपाचा चढ चढायचा बेत आखू नका, आम्ही आखला होता. भरपेट जेवण दुपारी, चढण सकाळी. दाल-पानिये मिळाले तर सोडू नका. मक्याच्या पिठाचे, पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, त्यांना पानाचा धुरकट वास असतो. रस्त्यावर ‘मांडू की इमली’ म्हणून मखमली सालीची मोठी फळं विकतात. ती आपली गोरखचिंच, आफ्रिकेतून आलेली. आत कोरडा, आंबट गर निघतो. चिंचेची अपेक्षा ठेवली तर निराश व्हाल. झाडं मात्र बघण्यासारखी, फुगलेल्या बुंध्याची, मुळं वर करून पुरल्यासारखी.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रात्री महागात पडणाऱ्या

दोघांचीही ओळखपत्रं बरोबर घ्या. लग्न झालेलं नसेल किंवा आडनावं वेगळी असतील तर बुकिंग करतानाच फोनवर स्पष्ट विचारा, काही ठिकाणी उगाच अडवतात. खोली तळ्याकाठची मागितली तर खिडकीला जाळी आहे का ते विचारा. पावसाळ्यात डासांशिवाय तळं नसतं. वीज गेली तर बॅटरी, आणि थोडी रोख. शेवाळलेल्या पायऱ्यांवर नव्या चपला घालू नका. फोटोसाठी कठड्यापलीकडे तर अजिबात नाही.

महेश्वर ‘वाटेत’ उरकणं

मांडूहून चाळीसेक किलोमीटरवर महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी. मराठी माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. पण घाट दुपारी बघायचा नसतो. एक रात्र तिथे राहा, संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसा, सकाळी नावेतून वाड्याकडे बघा. मांडूवरून जी रेघ दिसली होती, ती इथे पायाला लागते. महेश्वरी साडी घ्यायची असेल तर आधी माग चालताना बघा, मग दुकानात जा. दुकानात गेल्यावर मागाकडे जायची इच्छा आणि पैसे दोन्ही संपतात.

भांडण झालं तर

होतंच. रूपमती मंडपाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जागा आहे, तिला सगळे इको पॉइंट म्हणतात. समोरच्या जुन्या इमारतीवर आदळून आवाज परत येतो. बहुतेक जोडपी तिथे एकमेकांची नावं पुकारतात. दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे पोचलो तेव्हा काहीतरी बिनसलं होतं आणि दोघंही गप्प होतो. ती पुढे झाली, हाताचा कर्णा केला आणि जोरात ओरडली, ‘धामनोद!’

‘…नोद,’ समोरून उत्तर आलं.