भाड्याने राहता राहता घर घेताना: वडोदऱ्यात कागदपत्रे पक्की कशी करावीत

"तीन वर्षे भाड्याने राहा, मग हेच घर घ्या, भाड्यातला काही भाग किमतीत वळता करू." रावपुऱ्यातला जुना वाडा असो की मांजलपूरचा फ्लॅट, असे बोलणे चटकन जमते. या सौद्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणून दोन दस्त करायचे, भाडेकरार आणि बानाखत (पुढे घर विकण्याचा करार), आणि दोन्ही सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचे. ११ महिन्यांचा करार आणि नोटरीचा शिक्का मारलेले बानाखत यांच्या भरवशावर राहू नका.

आधी मालकाकडून लेखी माहिती घ्या: घरावर कर्ज आहे का, किती बाकी आहे, कोर्टात दावा आहे का, वारस कोण, वेरा (घरपट्टी) भरला आहे का, बीयू परवानगी (इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी) आहे का, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे. विक्रेत्याने ठाऊक असलेला दोष सांगायचा असतो, पण साधी चौकशी केली असती तर कळला असता असा दोष तुमच्याच माथी बसतो. त्यामुळे वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, करून घ्याच. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आणि हप्ते थकणार नाहीत याची सोय हवी. तुम्ही भाडे वेळेवर भरलेत आणि मालकाने हप्ते बुडवले, तर बँक घरावर येते.

घर अशांत धाऱ्याच्या (ठरावीक भागांत घरांच्या हस्तांतरावर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) हद्दीत आहे का, हे सर्वात आधी पाहा. वडोदऱ्याचे बरेच भाग त्यात आहेत. तिथे कलेक्टरची आगाऊ परवानगी नसेल तर व्यवहार टिकत नाही, आणि भाडेपट्टाही त्यात येतो.

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त हजर करावा लागतो. बानाखत नोंदवल्याचा मोठा फायदा असा, की मालकाने घर तिसऱ्याला विकले तरी 'मला माहीत नव्हते' असे त्या घेणाऱ्याला म्हणता येत नाही. मालकी मात्र बानाखताने मिळत नाही. नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीनेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

किमतीचे कलम आकड्यांत लिहा. समजा किंमत ४२ लाख, सुरुवातीला २ लाख, भाडे १८,००० आणि त्यातले ८,००० किमतीत वळते. ३६ महिन्यांत २,८८,००० वळते होतात आणि ३७,१२,००० उरतात. हा तक्ता करारालाच जोडा. दरमहा पावतीवर 'भाडे १०,०००, किमतीपोटी ८,०००' असे वेगळे लिहून घ्या, नाहीतर वाद झाला की सगळे भाडेच ठरते. तुम्ही माघार घेतलीत तर किती कापायचे आणि मालक फिरला तर किती दिवसांत किती परत, हेही तिथेच लिहा.

ताबा 'भाडेकरू म्हणून' दिला आहे, हे शब्द दोन्ही दस्तांत हवेत. बानाखतानुसार ताबा दिला असे लिहिले गेले, तर खरेदीइतकी स्टॅम्प ड्यूटी मागितली जाऊ शकते. गुजरातमध्ये ती ४.९ टक्के, म्हणजे ४२ लाखांवर २,०५,८०० रुपये, आणि जंत्रीची (सरकारी दरपत्रकाची) किंमत जास्त निघाली तर तिच्यावर. १ टक्का नोंदणी फी वेगळी.

किमतीपोटीची रक्कम बँकेतूनच द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

दस्तावेजाची, म्हणजे अंतिम खरेदीखताची, शेवटची तारीख करारात नेमकी लिहा. मालक टाळाटाळ करू लागला, तर त्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.